वहिनी म्हणजे भावाची बायको

टाचणीबाईचं खरं नाव मला चांगलं ठाऊक आहे. एकशे चाळीस पानांवर ते छापलेलं होतं आणि प्रत्येक पानाखाली माझी सही होती. पण मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या तोंडात चार टाचण्या होत्या आणि पाचवी ती माझ्या पँटच्या पायाला लावत होती. त्यामुळे माझ्यापुरती ती टाचणीबाईच.

धुलाईच्या दुकानात मागच्या अंगाला तिची जागा आहे. एक शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीवर रिळांची फळी आणि दांडीवर चिठ्ठ्या लावलेले लोकांचे कपडे. खिडकी नाही. या देशात येऊन तिला सतरा वर्षं झाली. नवरा घेऊन आला आणि आठ वर्षांत वारला. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती आणि ते मशीन. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की आपसूक पोट आत ओढून घेतं. ती गुडघ्यांवर बसून राहते. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? तो सुटला, पोट मूळ जागी आलं, की मग ती खडूची खूण करते. तिच्याकडून नेलेली पँट परत आली असं सहसा होत नाही.

त्या दिवशी ती माझ्या पायाशी बसलेली असताना तिचा फोन वाजला. तळहातावर टाचण्या काढून तिनं तो घेतला आणि चक्क मराठीत म्हणाली, "वहिनी, गॅस बंद केलास का? नुसतं हो म्हणू नकोस, उठून बघून ये. मी धरते फोन."

माझ्या अंगावर काटा आला. मराठी ऐकून नव्हे. ते वाक्य मी लिहिलं होतं. म्हणजे होतं तिचंच, पण मी ते इथल्या भाषेत उतरवून खाली सही ठोकली होती. 'भावाच्या बायको, तू गॅस बंद केलास का?'

मी दुभाष्याचं काम करते. परदेशातून आलेली माणसं एका बाजूला, सरकारी अधिकारी दुसऱ्या बाजूला आणि मधल्या खुर्चीत मी. कामावर घेताना आमच्याकडून शपथ घेतात. ऐकलं तेच सांगेन, लिहिलंय तेच लिहीन, भर घालणार नाही, गाळणार नाही, समजावत बसणार नाही. एकोणीस वर्षं मी ही शपथ पाळली आणि त्याचा मला केवढा तोरा होता! "बाई, जरा समजावून सांगा ना त्यांना," असं कुणी रडवेलं होऊन म्हणालं तर मी तेही वाक्य जसंच्या तसं अधिकाऱ्याला ऐकवायची. मुलखाची तुसडी म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टानं मिळवलेली आहे.

टाचणीबाईनं आपल्या आईला इकडे आणण्यासाठी अर्ज केला होता. नात्याचा पुरावा म्हणून चार वर्षांचे फोनवरचे निरोप छापून जोडले होते. ते भाषांतराला माझ्याकडे आले. वहिनी, उठलीस का? वहिनी, गुडघ्याला तेल लावलंस का? वहिनी, दार लावून घे. मला कळलं नव्हतं असं मुळीच नाही. दिरांनी भरलेल्या घरातली पोरं जे ऐकतात तेच म्हणतात. माझे स्वतःचे वडील आपल्या आईला जन्मभर काकी म्हणत. तिसऱ्या पानावरच मला सगळं कळलं होतं. पण वहिनी म्हणजे भावाची बायको, शब्दाला शब्द. तसं एकशे चाळीस पानं लिहिलं, सही केली आणि घरी जाऊन पोटभर जेवले.

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मराठी समजल्याचं माझ्या चेहऱ्यावर दिसलंच असणार. तिचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. पँट राहिली बाजूला आणि ती सांगत सुटली.

"अहो ताई, आमचं एकत्र घर. माझे तीन काका, तिघंही तेव्हा बिनलग्नाचे. वहिनी चहा, वहिनी माझं बटण तुटलं, वहिनी मी निघालो. दिवसभर घरात एकच हाक. मीही तीच उचलली. आधी सगळे हसले, मग सवय झाली. आता सरकार म्हणतं, तुम्ही खोटं सांगून भावजयीला आणताय. आणि मला तर भाऊच नाही!"

"जन्माचा दाखला असेल ना?" मी विचारलं.

"तिथे तर आणखी मजा. नोंद करायला धाकटा काका गेला होता. त्यानं जन्मात कधी वहिनीचं नाव घेतलेलं नव्हतं. खिडकीशी विचारल्यावर त्याला आठवेचना. शेवटी सुचेल ते नाव ठोकून दिलं. म्हणजे कागदावर माझी आई कुणी भलतीच बाई." ती हसली आणि हसता हसता थांबली. "काय हो ताई, त्या भाषांतर करणाऱ्याच्या घरात कुणी कुणाला वहिनी म्हणतच नसेल का?"

"नसेल," मी म्हटलं.

आता तिन्ही काका नव्हते, वडील तर केव्हाच गेले होते. शहात्तर वर्षांची वहिनी दोन खोल्यांत एकटी होती आणि अलीकडे तिच्या लक्षात राहीनासं झालं होतं. दोनदा दूध करपून घरभर धूर झाला, दोन्ही वेळा शेजारणीनं आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं म्हणून निभावलं. अर्ज फेटाळल्यावर टाचणीबाईनं अपील केलं होतं. तीन आठवड्यांनी सुनावणी होती. तेही फेटाळलं गेलं तर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. पाच वर्षं हे शब्द ती उच्चारायची आणि लगेच फोनकडे बघायची.

खरं काय ते मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी शहाणपणा पाजळला. "सुनावणीत तुम्हा दोघींना पडद्यावर समोरासमोर आणतील, एकमेकींशी बोला म्हणतील. तेव्हा तिला आई म्हणा. बाकी काही करू नका. तो शब्द कुठलाही दुभाषी चुकवू शकत नाही."

"आई," ती म्हणून बघितल्यासारखं म्हणाली आणि एकदम लाजली.

पुढचे तीन आठवडे मी काही ना काही निमित्त काढून जात राहिले. धड असलेले पडदे आखूड करून घेतले, न उसवलेल्या उशा शिवून घेतल्या. ती मशीन चालवता चालवता घोकायची. "आई, गॅस बंद... वहि... आई, गॅस बंद केलास का? बघा ना ताई, अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी झाले आणि आत्ता पहिला शब्द शिकतेय." फोनवर मात्र तिच्या तोंडून वहिनीच निघायचं. त्या दिवशी मी आई म्हणेन, असं वहिनीलाही तिनं रोज बजावलं. वहिनी रोज "बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की "कशाचं गं?" म्हणायची. ते ऐकून टाचणीबाईच्या हातातली सुई थांबायची. पण आपला उपाय चुकीचा असेल असं काही मला वाटलं नाही. मला तसं कधी वाटतच नाही.

सुनावणीच्या कामाचा निरोप मलाच आला. ओळखीच्या माणसाचं काम असेल तर दुभाष्यानं तसं कळवायचं असतं. मी कळवलं नाही. म्हटलं, मीच असलेली बरी, यावेळी सांभाळून घेईन.

खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर पडदा. अधिकारी बाईंना सर्दी झालेली होती आणि त्यांच्यापुढे रुमालांचा ढीग होता. टाचणीबाई आत आली. तिनं मला दुभाष्याच्या खुर्चीत पाहिलं आणि तिचे ओठ तोंडात टाचण्या असल्यासारखे मिटले. मी खाली बघून कागद सारखे करत राहिले.

पडदा सुरू झाला. तिकडच्या कचेरीतल्या एका खुर्चीत वहिनी बसलेली. अंग चोरून, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. निरोपांतून मी तिचे गुडघे, तिचं दूध, तिचं दार सगळं ओळखत होते, पण बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

"तुमच्या आईशी बोला," अधिकारी बाई म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं.

टाचणीबाईनं टेबलाची कड घट्ट धरली. "आई," ती म्हणाली. स्पष्ट, न अडखळता. "आई, कशी आहेस?"

वहिनी तशीच बसून राहिली. मग तिनं मान वळवून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती. तिनं दाराकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "कुणाला हाक मारतेस गं?"

"काय म्हणाल्या त्या?" अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं.

सगळं ध्वनिमुद्रित होत होतं. मी सांगितलं, ऐकलं तेच. बाईंची पेन्सिल कागदावर चालू लागली आणि माझा धीर सुटला. "मला काही सांगायचंय," मी म्हटलं.

"दुभाष्याला काही सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या.

त्या शिंकेत मी घुसले. वहिनी म्हणजे काय, तीन काका, दाखल्यावरचं भलतं नाव, माझे वडील आणि त्यांची काकी, सगळं सांगून टाकलं. एकशे चाळीस पानं मी लिहिली होती आणि लिहिताना मला माहीत होतं, हेही सांगितलं. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण एकोणीस वर्षांचं तुंबलेलं होतं, ते थांबेना. आई म्हणायला मीच शिकवलं, हेही मी बोलून बसले.

पेन्सिल थांबली. "म्हणजे तुम्ही अर्जदाराला पढवलंत," बाई म्हणाल्या.

निकाल दोन मिनिटांत झाला. सुनावणी तहकूब. दोघींची रक्ततपासणी, तिला सध्या आठ महिन्यांची रांग. तोवर अर्ज जिथल्या तिथे. मला खुर्चीतून उठायला सांगितलं आणि यापुढे एक शब्दही भाषांतरित करायचा नाही अशी तंबी दिली. टाचणीबाईला एकशे चाळीस पानं आणि आठ महिने एवढे आकडे कळले. बाकीचं तिनं माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"ते तुम्ही होतात?" तिनं मराठीत विचारलं.

"हो."

"सगळी पानं वाचलीत?"

"सगळी."

"आणि कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं होतं," मी म्हटलं.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी आठ महिन्यांचा हिशेब करत होते. किती सकाळी, किती दुधाची भांडी. तपासणीच्या दिवशी वहिनीला कोण नेणार? आणि तोवर ही कोण, हे तरी तिला आठवेल का? टाचणीबाईही तेच मोजत असणार, कारण तिचा हात नकळत फोनवर गेला होता.

अधिकारी बाई रुमाल गोळा करून निघाल्या. कारकून पडद्याचं बटण शोधू लागला. वहिनी अजून तिथेच होती. उठायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून बसलेली. ती पडद्याच्या अगदी जवळ आली, इतकी की तिचा अर्धाच चेहरा दिसू लागला.

"अगं," ती म्हणाली, "मघाशी आई म्हणालीस, ते मला का?"

"हो," टाचणीबाई म्हणाली.

"मला?"

"तुलाच की."

वहिनीनं पिशवी छातीशी धरली. "म्हण बघू पुन्हा एकदा."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच सांगितलं नाही. टाचणीबाई उठून पडद्यापाशी गेली आणि म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. ती म्हणतच राहिली. कारकुनाला बटण सापडून पडदा काळा झाला तरी थांबली नाही.