भुशाची खोली आणि दिवाकरभाऊ

दिवाकरभाऊंनी पंचाहत्तरी गाठली. गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितल्याचं कळताच त्यांनी स्वतः फोन करून बजावलं, "सलीमभाई, माही तब्येत ठणठणीत आहे, असं आवर्जून लिवा." न विचारलेल्या गोष्टीची ग्वाही माणूस का देतो? ते वाक्य मी अजून लिहिलेलं नाही.

आमची ओळखही संशयातूनच झाली. मी नागभीडच्या एका राईस मिलमध्ये मॅनेजर होतो. भाऊ ब्रह्मपुरीच्या आपल्या कारखान्यात स्वतः जुळवलेला संगणक विकायला तिथे घेऊन आले. धानाच्या मुलखात कोणी संगणक बनवतो, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी तो ठेवून घेतला आणि मुद्दाम भुसा उडतो त्या कोपऱ्यात चालू करून ठेवला. तो बंद पडल्यावर भाऊ आले, पेटी उघडली. आत भुसाच भुसा.

"हे कुठी ठेवलं होतं?"

"भुशात. तुमी कोनता बहाना सांगता, ते पाहाचं होतं."

चिडतील असं वाटलं, पण ते हसले. "मंग माह्या इथी येऊन करा ना हे काम. गिऱ्हाइकाच्या आधी."

इतक्या सहज कोणी नोकरी देतं का? यात काही डाव असणार, असं मनात धरूनच मी गेलो. तेव्हापासून आमच्या कारखान्यात भुशाची खोली आहे. तयार झालेला प्रत्येक संगणक तिथे पंख्यासमोर, उडत्या भुशात आणि वरखाली होणाऱ्या विजेवर आठवडाभर चालतो. मगच विकला जातो. बारीक जाळीची पेटी, धूळ न शिरणारा कीबोर्ड, व्होल्टेज घसरलं तरी तग धरणारा पॉवर सप्लाय, ही आमची उत्पादनं त्याच खोलीने आमच्याकडून करवून घेतली. राजुऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत कचेऱ्यांत आणि शाळांत आज आमचा माल दिसतो. नागपूरच्या पुढे मात्र आम्हाला कुत्रंही विचारत नाही, हेही लिहिलं पाहिजे.

एकदा आश्रमशाळांची मोठी मागणी आली. पॉवर सप्लायचे भाग भाऊंच्या जुन्या मित्राकडून आले होते आणि मुदत जवळ होती. भाऊ म्हणाले, "दोस्ताचा माल आहे. या खेपेले खोली राहू द्या." दोस्ताचा म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली. ट्रक भरून झाला होता, त्यातला एक संगणक मी उतरवून खोलीत लावला. दुपारी त्यातून धूर निघाला. भाऊंनी सगळा ट्रक खाली करायला लावला आणि शाळांना स्वतः फोन केला, "माल खराब निंघाला. चूक माही आहे."

मागणी दुसरीकडे गेली. ते वर्ष कारखान्याला जड गेलं. भाऊ मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे मी जास्तच धास्तावलो. शेवटी विचारलंच, "भाऊ, राग आला काय?"

"आला ना. पन माहा मलेच. यापुढं मी म्हनलो तरी कोनाले सोडू नका. मले बी नाई."

माझी अम्मी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात होती, तेव्हा भाऊ रोज डबा घेऊन येत. यांचं माझ्याकडे काय काम असेल, याची मी कितीतरी दिवस वाट पाहिली. काम नव्हतंच.

गेल्या उन्हाळ्यापासून भाऊ कारखान्याचा जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंतीकडे पाहत राहतात. त्या भिंतीवर पाहण्यासारखं काहीही नाही. विचारलं की म्हणतात, "गॅस झाली." मला भीती वाटते, हे सरळ सांगतो. म्हणून ग्रंथ छापायला जाण्याआधी, येत्या सोमवारी, मी नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

"मले भुशाच्या खोलीत टाकून राह्यले काय?" भाऊ खेकसले.

"हो. तुमीच म्हनले होते, मले बी सोडू नका."

 गाडी किती वाजता निघणार, एवढंच भाऊंनी विचारलं.

भाऊ, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी मनापासून दुआ. संपादकांना विनंती, या लेखाची शेवटची ओळ मोकळी ठेवावी. तब्येतीचं ते वाक्य सोमवारी डॉक्टरांच्या तोंडून ऐकीन, आणि मगच माझ्या हाताने तिथे लिहीन.