पाच माणसांचं वजन

नागसेन चिडला की आवाज चढवत नाही. तो हातातला पाना पुसायला घेतो. एकच पाना, आधी फडक्याने, मग अंगठ्याने, मग पुन्हा फडक्याने. मानवतला त्याच्या गॅरेजवर येणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पाना पुसणं सुरू झालं की ते आपली घाई आवरती घेतात आणि समोरच्या टपरीवर चहाला जाऊन बसतात. मागच्या दिवाळीनंतर सतरा दिवस तो पाना पुसत होता.

कारण होता एक आकडा. अठ्ठेचाळीस.

नागसेनचे वडील पूर्णेला रेल्वेत डब्यांची देखभाल करणारे खलाशी होते. डब्याच्या चाकाशी हात नेऊन कुठलं बेअरिंग तापलंय ते सांगायचे. पोराने परभणीला आयटीआय केलं, डिझेल मेकॅनिक झाला आणि मानवतला पत्र्याचं शेड टाकलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. इंजिन खोलायचं ते मालकासमोरच, हा त्याचा नेम. खोललेला प्रत्येक भाग धुऊन पांढऱ्या धोतराच्या पानावर निघाला त्या क्रमाने मांडायचा, आणि त्या धोतराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सेलू, पाथरी, वालूरपर्यंतची इंजिनं त्याच्याकडे यायची. जुनी गाडी विकणारा माणूस टायर नवे असल्याचं नंतर सांगायचा, आधी सांगायचा, "इंजिन नागसेननं बांधलंय." एवढ्यावर सौदा पुढे सरकायचा. या माणसाची सगळी कमाई म्हणायची तर हे एक वाक्य.

दत्तरावांची सात माणसांची डिझेल गाडी त्याने गणपतीच्या दिवसांत बांधून दिली होती. दत्तराव म्हणजे मोठे बागायतदार, चार गावांत उठबस असलेला माणूस. गाडी घेऊन गेले तेव्हा खूश होते. दसऱ्याला सासरवाडीला जाताना चढावर गाडी ओढत नाही असं त्यांना वाटलं. गाडीत किती माणसं होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्याच सुमारास परभणीत योगीराज नावाच्या तरुणाने गाड्यांची ताकद वाढवण्याचं दुकान काढलं होतं. दिवाळीनंतर त्याने मानवतच्या बसस्टँडजवळच्या मैदानात फुकट मोजणी ठेवली. त्याच्याजवळ साबणाच्या वडीएवढी डबी होती. ती काचेला चिकटवायची, गाडीचं वजन तिला मोबाइलवरून सांगायचं आणि गाडी जागेवरून दाबून पळवायची. डबी उपग्रहावरून वेग धरते, किती सेकंदांत किती वेग आला ते मोजते आणि त्यावरून चाकावर किती हॉर्सपॉवर पोचली ते काढून दाखवते. विहिरीवरच्या मोटारीमुळे हॉर्सपॉवर इथल्या शेंबड्या पोरालाही कळते, त्यामुळे गर्दी जमली.

दत्तरावांची गाडी निघाली तेव्हा मजा बघायला म्हणून दत्तराव, ड्रायव्हर आणि योगीराज धरून आत पाच जण बसले. खाली थांबायला कुणीच तयार नव्हतं. योगीराजने आरसी बुक मागून घेतलं, त्यावरचं रिकाम्या गाडीचं वजन डबीत टाकलं आणि गाडी पळवली. कागदावर पंचाहत्तरची गाडी, आणि डबीवर आले अठ्ठेचाळीस. इंजिनातून निघालेली ताकद चाकापर्यंत जाताना थोडी गळतेच, पण एवढी नाही, असं योगीराज म्हणाला. इंजिन बांधण्यातच खोट आहे, असंही म्हणाला. दत्तरावांनी ते ऐकलं आणि गर्दीला ऐकू जाईल अशा बेताने बोलले, "असल्या हातात पाना दिला की दुसरं काय व्हायचं."

कुणीतरी मोबाइल धरलाच होता. आकडा आणि वाक्य दोन्ही संध्याकाळच्या आत तालुकाभर फिरले. 'असल्या' म्हणजे कसल्या, हे नागसेनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या वडिलांनी तो शब्द जन्मभर ऐकला होता. फरक एवढाच की वडील गावी आले की दत्तरावांच्या वडिलांना मालक म्हणायचे आणि नागसेन दत्तरावांना दत्तराव म्हणतो.

आठवड्याभरात वालूरचं एक ठरलेलं इंजिन परभणीला गेलं. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने काम टाकलं, पण टाकताना विचारलं, "नीट बसंल ना?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न नवा होता. आणि एक जण जुनी गाडी विकताना इंजिन कुणी बांधलं ते गिळून गेला, ही बातमी टपरीवाल्यानेच आणली. बायको बबिता म्हणाली, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात, सोडून द्या.

"इंजिनाला बोलले असते तर सोडलं असतं," नागसेन म्हणाला आणि पाना पुसू लागला.

मग त्याने तशीच डबी मागवली. एका टायरच्या किमतीत घरपोच आली. ज्या डबीने नाक कापलं तिलाच पाटावर बसवा आता, असं बबिता बोलली. दोष डबीत असेल तर तो शोधायचा आणि आपल्या हातात असेल तर तोही शोधायचा, असं त्याने ठरवलं होतं. दुसरी शक्यता मनात आली की त्याला अन्न गोड लागत नव्हतं. धोतरावरची एकेक रिंग, एकेक बोल्ट तो आठवून पाहत होता.

मानवत रोड स्टेशनकडच्या एका सपाट पट्ट्यावर त्याने आपली छोटी गाडी पळवली. कागदावरचं नऊशे किलो वजन टाकलं, एकटा बसला, आकडा आला सेहेचाळीस. टपरीवरचे तिघे हौसेने आत बसले, पुन्हा पळवली, आकडा आला अडतीस. त्याने गाडी बाजूला घेतली. दहा मिनिटांत इंजिनाची आठ हॉर्सपॉवर जाते कुठे? मग त्याने तिघांना उतरवलं. पुन्हा सेहेचाळीस.

डबीला माणसं दिसत नव्हती. जेवढं वजन सांगाल तेवढंच इंजिनाने ओढलं, असं धरून ती हिशेब करत होती. माणसं ओढायला लागलेली ताकद ती मोजतच नव्हती.

उलगडा झाला तेव्हा त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट डोकं जास्तच भणाणलं. कुणी ठरवून फसवलं असतं तर एक वैरी तरी मिळाला असता. इथे कुणी घडीभर विचारसुद्धा केला नव्हता. आणि गाव कुठलं, तर मानवत. इथे कापसाची गाडी भुईकाट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. रिकाम्या काट्याला ड्रायव्हर वर बसला होता की खाली उतरला होता, यावरून इथे गचांड्या धरल्या जातात. त्या गावच्या शंभर माणसांनी पाच धडधाकट माणसं बसलेली गाडी रिकामी धरली होती.

दत्तरावांचा कापूस जिनिंगला येणार होता. त्या दिवशी सकाळी नागसेन तिथल्या भुईकाट्यावर जाऊन उभा राहिला. फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग होती. दत्तराव आपल्या गाडीतून उतरले तसा तो पुढे झाला. त्याच पाच जणांना बसवून गाडी काट्यावर घ्यायची आणि ते वजन टाकून पुन्हा मोजायची, एवढंच त्याने मागितलं. दत्तरावांनी घड्याळ पाहिलं आणि आपल्याला असल्या खेळाला वेळ नसल्याचं सांगितलं.

"अठ्ठेचाळीस आले तर आजच पाटी उतरवतो," नागसेन म्हणाला. "ह्या सगळ्यांच्या देखत. पुन्हा इंजिनाला हात लावायचो न्हाई."

रांगेतली माणसं ट्रॅक्टरवरून खाली उतरायला लागली. आता नाही म्हणणं दत्तरावांनाही जड गेलं. पाचांतले तिघे, ड्रायव्हर धरून, तिथेच होते, चौथे खुद्द दत्तराव. पाचवा योगीराज, त्याच्याऐवजी त्याच्या अंगाचा एक हमाल बसवला. पाठीमागे सरकी पेंडीची दोन पोती होती, ती मोजणीच्या दिवशीही होती असं ड्रायव्हरने स्वतःच कबूल केलं. काट्यावर भुजंगराव बसतात, केस पांढरे झाले तरी त्यांना आकडा ओरडून सांगायची सवय आहे. ते ओरडले, "एकवीसशे ऐंशी."

आरसी बुकावर सोळाशे पंधरा होते.

पेडगावकडचा एक म्हातारा शेतकरी खांद्यावरचं उपरणं झटकत म्हणाला, "बाबौ. साडेपाच क्विंटल तूट. भुजंगराव, माझा कापूस बी असाच मोजा की, फकस्त उलटा, साडेपाच क्विंटल जास्ती." हशा पिकला. दत्तरावांच्या गाडीतले दोघे पण हसले आणि मग हसू गिळून बसले.

नागसेनने एकवीसशे ऐंशी डबीत टाकले. जिनिंगसमोरच्या सरळ रस्त्यावर गाडी जाताना पळवली आणि येताना पळवली, म्हणजे उतार असला तर कळावा. चालवायला दत्तरावांचाच ड्रायव्हर होता, नागसेन खाली उभा होता. जाताना सहासष्ट आले, येताना चौसष्ट. पंचाहत्तरच्या इंजिनातून चाकावर एवढीच येते, नव्या गाडीचीही येते. मोबाइल हातोहात फिरला. मघाचा म्हातारा दोन्ही आकडे मोठ्याने वाचून दाखवत रांगेच्या टोकापर्यंत गेला.

दत्तराव खाली उतरले. माणूस मोठा, त्यामुळे मोठेपणाने बोलले. त्या पोराने आकडा चुकवला, आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं म्हणत त्यांनी नागसेनच्या पाठीवर थाप मारली. "झालं गेलं गंगेला मिळालं. तुझा आकडा बराबर, आमचा चुकला. घे, माघारी घेतला."

नागसेनने पाठीवरचा हात सरकू दिला. खिशातून पाना काढला, पण पुसला नाही.

"आकडा डबीनं घेतला माघारी," तो म्हणाला. "तुमी शबूद घ्या."

"कोणता शबूद?"

"बसस्टँडजवळ बोललात तो."

दत्तरावांनी आजूबाजूला पाहिलं. आता कुणी हसत नव्हतं. कुणी ट्रॅक्टरच्या टायरकडे बघत होतं, कुणी काट्याच्या खिडकीकडे. सगळ्यांना शब्द माहीत होता. मघाच्या म्हाताऱ्यानेसुद्धा उपरणं खांद्यावर नीट बसवायला घेतलं. दत्तराव म्हणाले, माणूस रागाच्या भरात काहीबाही बोलून जातो, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडीत बसले. शब्द तिथेच राहिला.

"शबूद घ्याल तेवा गाडी आणा," नागसेन काचेतून म्हणाला. "तवर न्हाई."

ते सहासष्ट आणि चौसष्ट तालुकाभर फिरायला अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त दिवस लागले, पण फिरले. वालूरचं इंजिन परत आलं. मालकाने नीट बसेल का असं विचारलं नाही. जुन्या गाड्या विकणारे पुन्हा त्याचं नाव आधी घेऊ लागले. भुईकाट्याची ती पावती नागसेनने शेडच्या खांबाला खिळ्याने ठोकून ठेवली आहे.

दत्तरावांचा ड्रायव्हर दोनदा ऑइल बदलायला गाडी घेऊन आला. मालक आले का, एवढंच नागसेनने विचारलं आणि दोन्ही वेळा गाडी परत लावून दिली. आता ती तेवढ्या कामासाठी परभणीला जाते, आणि जाते ती गॅरेजसमोरूनच. ती जवळ आली की नागसेन हातातलं काम थांबवून ऐकतो. इंजिन बरोबर बोलतंय, कुठे खरखर नाही, चढाच्या आधी गिअर न बदलता ओढून घेतं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा असतो. मग खाली वाकून पाना उचलतो आणि पुसायला लागतो.