बाळकृष्णाचं नाक

आज सकाळी मी देव घासत होते, तेव्हा सूनबाई शेजारी येऊन बसली. तिनं माझ्या हातातला पितळी बाळकृष्ण उजेडात धरला. "आई, याचं नाक कुठं गेलं? डोळेही दिसत नाहीत. दिवाळीला नवा आणू, याचं विसर्जन करू."

पाहिलं तर खरंच. रांगतं बाळ आहे, एवढंच काय ते कळतं. माझ्या लग्नात आईनं अन्नपूर्णेबरोबर तो मला दिला होता. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. सासूबाई बोलल्या की मी चिंच घेऊन देव घासायला बसे आणि सगळं त्याला मनातल्या मनात सांगे. राग जास्त असला की अंगठा जोरात चाले. देव लख्ख होत. सासूबाई म्हणत, "हात चांगला आहे हिचा."

त्याचं नाक कधी झिजलं ते कळलं नाही. माझा राग कधी गेला तेही कळलं नाही. रोजच्या पाण्याबरोबर दोन्ही तुळशीच्या मुळाशी गेली असतील.

"मग, आणायचा ना नवा?"

"नको," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "याला माझं सगळं ठाऊक आहे. नव्याला पुन्हा पहिल्यापासून कोण सांगत बसणार?"

सूनबाई हसली. चिंचेची वाटी तिनं हळूच लांब सरकवली.

"मग आता नुसत्या पाण्यानं धुवा, आई. ऐकायला कान तरी राहू द्या त्याचे."