मास्तरांनी हात वर केला

सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डची मुख्य नर्स बोलायला तिखट होती. तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणत आणि पाठीमागं मिरची. हे तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "मुहूर्ताला नेमकी ड्युटी लागली." ऐकणारा हसायचा आणि विषय तिथंच संपायचा. खरं कारण घरातच वाढलं होतं. वडील अचानक गेले, आईनं अंथरूण धरलं, आणि धाकटा भाऊ तेव्हा चड्डीची नाडी बांधायला शिकत होता. त्याला शिकवायचं, मार्गी लावायचं, यापायी तिनं जिवाचं रान केलं.

भाऊ मास्तर झाला. सरकारी शाळेत लागला. पोरं त्याला घाबरत नसत आणि तरीही त्याचं ऐकत, असा मास्तर. शाळेत बाकं पुरत नाहीत म्हणून एकदा त्यानं कचेरीत जाऊन तोंड उघडलं, आणि ते मग बंद झालंच नाही. रुग्णालयात औषध नाही, मास्तर पुढं. नळाला पाणी नाही, मास्तर पुढं. शेवटी लोकांनीच त्याला निवडणुकीला उभं केलं. नोकरी सोडावी लागली. सिस्टर रजा टाकून त्याच्याबरोबर दारोदार फिरली. तिला मत मागावंच लागत नसे. दार उघडणारी बाई तिला बघून म्हणायची, "अगंबाई, सिस्टर! माझं पोर तुमच्याच हातून वाचलंय हो."

शेवटच्या सभेत मास्तर म्हणाला, "नर्सचा, शिक्षकाचा, झाडूवाल्याचा पगार वाढल्याशिवाय मी माझ्या पगारात एक पैसा वाढवून घेणार नाही." टाळ्या थांबेनात. गर्दीत मागं उभ्या असलेल्या सिस्टरचे डोळे भरून आले.

तो निवडून आला. पहिली काही वर्षं खरंच झटला. पण नर्सच्या पगाराचा विषय निघाला की वरून एकच उत्तर यायचं, तिजोरीत खडखडाट आहे, जरा दम धरा. नर्सेसनी दम धरला.

मग एका दुपारी वॉर्डच्या टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. सभागृहाच्या सभासदांनी स्वतःचा पगार वाढवण्याचा ठराव आणला होता, आणि हात वर करून मतदान चाललं होतं. कॅमेरा रांगेरांगेनं फिरत मास्तरवर आला. त्याचाही हात वर होता. पुरता वर नव्हता. कोपरात वाकलेला, उत्तर नीट येत नसताना पोरगं वर्गात करतं तसा. पण वर होता.

वॉर्डात सगळ्यांत तरुण नर्स होती, तिला सगळे चिमणी म्हणत. तिनं विचारलं, "सिस्टर, हे आपले मास्तर ना?" तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच खात्री करून घ्यायची होती.

"खिडकीजवळच्या बाळाची सलाईन संपत आलीय, ती बघ," सिस्टर म्हणाली. त्या दिवसापासून चहाच्या वेळी ती आत आली की बोलणं थांबायचं. कुणी टोमणा मारला असता तर बरं, असं तिला वाटलं. टोमण्याला उत्तर तरी देता येतं.

चिमणी परदेशातल्या रुग्णालयात निघून गेली. जाताना सिस्टरच्या गळ्यात पडून रडली. "इथं भागत नाही हो," एवढंच म्हणाली. तिच्यापाठोपाठ आणखी दोघी गेल्या. त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि शेजारचा वॉर्डही सिस्टरच्याच अंगावर पडला. एका टोकाला हाक आली की दुसऱ्या टोकाला पाठ व्हायची.

अशाच एका दुपारी एका मुलाला झटके आले. सिस्टर त्याला कुशीवर धरून बसली होती, सोडता येत नव्हतं. दुसऱ्या टोकाला धाप लागलेली एक तान्ही मुलगी होती. तिची आई हाक मारत होती, "सिस्टर, अहो सिस्टर!" "आले, आले," सिस्टर म्हणत राहिली. मुलाचे झटके थांबले तशी ती पळत गेली. डॉक्टर आले. जे करायचं ते सगळं केलं. मुलगी गेली.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तरी दोन्हीकडं कशा असणार?" ते खरंच होतं. पण त्या आईनं सिस्टरच्या हाताला धरून विचारलं, "मी हाक हळू मारली का हो?"

त्या दिवशी सिस्टर डबा न उघडताच घरी गेली.

पुढची निवडणूक जवळ आली. मास्तर बायकोला घेऊन बहिणीकडं आला. तिघं स्वयंपाकघरातच बसली. चहा झाला.

"ताई, तू माझ्यावर चिडलीयस," तो म्हणाला.

"चिडून काय करू?"

"शाळेत होतो तेव्हा महिना कसाबसा सुटायचा. आता तोही सुटत नाही. सकाळी दार उघडलं की कुणाची फी, कुणाची औषधं, कुणाकडं मयत. नाही कुणाला म्हणू? खाणारे खातातच, त्यांना पगार वाढला काय न वाढला काय. पण न खाणाऱ्यानं कुठून आणायचं, सांग ना."

"खोटं नाही हं, वन्सं," भावजय हळूच म्हणाली. "मी पुन्हा शिवणाचं मशीन काढलंय."

सिस्टरनं भावाकडं पाहिलं. त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवलेली होती. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त दुःख झालं.

"मग हेच तिथं उभं राहून बोलायचं होतंस," ती म्हणाली. "मला पुरत नाही म्हणायचं, आणि नर्सलाही पुरत नाही म्हणायचं. कुणी तुला नावं ठेवली नसती. तू नुसता हात वर केलास."

"पक्षाचा आदेश होता. आधी आपलं होऊ द्या, मग त्यांचं बघू, असं म्हणाले सगळे."

"मग? बघितलं?"

मास्तरनं रिकामी कपबशी बाजूला सरकवली. म्हणाला, "उद्यापासून घरोघर जायचंय. तू येशील ना?"

तेव्हा तिनं त्या तान्ह्या मुलीचं सगळं सांगितलं. आईनं काय विचारलं तेही. "ती बाई तुझ्याच भागात राहते," ती म्हणाली. "तिच्या दारात मी काय बोलू, तूच सांग."

मास्तरनं बायकोकडं पाहिलं. दोघं उठली. भावजय दारात घुटमळली. "वन्सं, एवढी एक वेळ तरी..."

"नाही गं, जमणार नाही मला," सिस्टर म्हणाली, आणि कपबशा विसळायला वळली.

निवडणुकीत मास्तरसमोर दगडखाणींचा मालक उभा होता. त्यानं नुकतंच स्वतःचं चकचकीत रुग्णालयही काढलं होतं. भरसभेत तो म्हणाला, "मी पगार घेणारच नाही. मला गरज काय?" लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. हा गडी फुकट कशासाठी राबणार, असं कुणाच्या मनात आलं नाही; आलं असेल तर बोलून दाखवलं नाही. सिस्टरनं मत भावालाच दिलं, पण ते कुणाला सांगितलं नाही. मास्तर सपाटून पडला.

खाणवाल्यानं शब्द पाळला, पगाराला हात लावला नाही. वर्ष उलटायच्या आत सरकारी मुलांचा वॉर्ड बंद करायचं ठरलं. माणसं नाहीत, चालवणं परवडत नाही, मुलांना नव्या रुग्णालयात पाठवावं, सरकार तिथलं बिल भरेल. नव्या रुग्णालयाच्या दारावर खाणवाल्याच्या आईचं नाव होतं.

मास्तरला शाळेत परत घेतलं नाही. तो घरीच शिकवण्या घ्यायला लागला. त्याच्या दारातली गर्दी तर निकालाच्या दिवशीच पांगली होती. बहीणभाऊ एकाच शहरात राहून एकमेकांच्या घरी जाईनासे झाले. भांडण म्हणावं तर तसं झालंच नव्हतं, त्यामुळं मिटवायचं तरी काय, हे दोघांनाही कळेना.

वॉर्ड रिकामा करायच्या दिवशी खाटा टेम्पोत चढवत होते. सिस्टर उरलेल्या एका खाटेवर बसून चादरींच्या घड्या घालत होती. वर बघते तर मास्तर दारात उभा. बराच वाळला होता.

"आधीच यायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"मीही," ती म्हणाली. हातातली चादर तिनं बाजूला ठेवली.

तो आत आला आणि तिच्या शेजारी, त्याच गादी काढलेल्या खाटेवर बसला. खिडक्यांचे पडदे आधीच उतरवले होते, ऊन थेट आत येत होतं. आपण त्या निवडणुकीत त्याच्याबरोबर फिरलो असतो तर हे टळलं असतं का, हे तिला विचारायचं होतं. पण तो हो म्हणाला असता तरी, नाही म्हणाला असता तरी, ते सोसण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

तेवढ्यात हमाल आले. "ही पण न्यायचीय, सिस्टर," त्यातला एक म्हणाला. दोघं उठून बाजूला, भिंतीशी उभी राहिली.