मामाच्या बोअरचं पाणी

नदी वाचवा म्हणून कंपन्यांच्या नावानं घसा फोडणाऱ्या पोरींत मी सगळ्यात पुढे. निगडीला राहायचे, कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकत होते आणि अंगात नुसता जोश! प्रोजेक्टसाठी पाण्याचे नमुने हवे होते, म्हणून चाकणजवळ मामाच्या गावी गेले. कंपन्यांना विकून उरलेल्या जमिनीत त्यानं कामगारांसाठी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. त्याच्या घरी आणि खोल्यांना पाणी एकाच बोअरचं.

तपासणीची बाटली साधी असते. पाणी भरायचं, उबेला ठेवायची. मैल्यातले जंतू असले तर पाणी काळं पडतं. नमुने घेऊन निगडीला परतले, तर दुसऱ्या दिवशी मामाची बाटली काळी ठिक्कर! आता इथे कंपनीला कसली नावं ठेवू? बोअरला लागूनच खोल्यांच्या संडासाचा शोषखड्डा होता, मामानंच खणलेला.

मी लगेच त्याला फोन केला. "बोंब मारू नको गं," तो म्हणाला. "लोकं खोल्या सोडून गेली तर आमी खायचं काय? घेतो की दुसरा खड्डा."

मग मी शहाणी काय म्हणाले? एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, पुढच्या रविवारी पुन्हा तपासू. शास्त्राला धरूनच होतं ते. खरं म्हणजे मला मामाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

रविवारी गेले तर मामीच्या ओट्याशेजारी विकतच्या पाण्याचा जार.

"तुझा फोन आला तवापास्नं ह्योच आणतो," चहा देत मामी म्हणाली.

"आणि खोल्यांतले?"

"त्यांचं बोअरचंच हाय की."

मामीपेक्षा माझीच मला जास्त शिसारी आली. कप ठेवला आणि उठले. मामा हाका मारत राहिला.

पहिल्या खोलीत परभणीकडची एक बाई राहायची. सातवा महिना होता तिला. दारात तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. पाणी उकळूनच प्या म्हणाले. बाटली आठ दिवसांपूर्वीच काळी पडली होती, हेही लपवलं नाही. पण जीभ कुठली गप्प बसायला! "पुन्हा तपासल्याशिवाय खात्री नव्हती ना," असं वर म्हणालेच.

तिनं ताट बाजूला सरकवलं.

"खात्री नव्हती व्हय, ताई? मग हे आठ दिस तुमी पिलं असतं का हे पाणी?"