आक्काची नाडी

भिंतीला ओल धरते तसे काही जागांना किस्से धरतात. खरवडून काढले तरी पुढच्या वर्षी परत वर येतात. मी नववीत शाळा सोडली आणि कळंब्याच्या रस्त्याला एका खासगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, नर्सिंग स्कूलमध्ये शिपाई म्हणून लागलो. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. चारचौघांत बोलायला मला अजून जमत नाही, म्हणून लिहून सांगतो. सगळे किस्से आक्काचे आहेत.

आक्का म्हणजे डमी. रबराची, माणसाएवढी बाई. डेमो रूममध्ये कॉटवर झोपलेली असायची. अंग पुसणं, कूस बदलणं, बँडेज बांधणं, सगळं मुली तिच्यावर शिकायच्या. गडहिंग्लजकडच्या मुली मोठ्या बहिणीला आक्का म्हणतात, त्यांनीच हे नाव पाडलं.

*

आमच्या ट्यूटर मॅडमचा नियम होता. पेशंटला हात लावायच्या आधी त्याच्याशी बोलायचं, काय करणार आहोत ते सांगायचं. समोर डमी असली तरी! परीक्षेत त्याचे मार्क असतात. मुली लाजायच्या, आणि मॅडम ओरडायच्या, "ती मेलेली नाही, रबराची आहे! बोला तिच्याशी!"

त्या वर्गात सुजाता होती. गडहिंग्लजजवळच्या खेड्यातली, माझ्यासारखीच बुजरी. एकदा तिनं वाकून विचारलं, "आक्का, दुखतंय काय?" आणि तशीच उभी राहिली.

"अगं पुढं कर की, थांबलीस का?" मॅडम म्हणाल्या.

"सांगू देत की त्यास्नी."

अख्खा वर्ग हसून लोळला. मीसुद्धा हसलो.

*

उचगावची शोभा वर्गात सगळ्यांत तोंडाळ. आक्काला नाडी नसते, तरी मुलींनी मनगट धरून, घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिट मोजायचं, हाताला सवय लागावी म्हणून. एकदा मिनिट संपल्यावर शोभा खणखणीत आवाजात म्हणाली, "बाहत्तर!"

"रबराला?" मॅडमनी वाकून तिचा हात बघितला. शोभानं मनगटावर बोटांऐवजी अंगठा ठेवला होता! अंगठ्यात आपलीच नाडी लागते. म्हणून नाडी नेहमी तीन बोटांनी बघायची.

"म्हंजे मी माझीच मोजली व्हय? चला, मी तर जित्ती हाय!" शोभा म्हणाली.

*

दिवाळीच्या सुट्टीत स्कूल बंद असायचं. एका वर्षी सुट्टीनंतर मुलींनी अंग पुसायला म्हणून आक्काला कुशीवर वळवलं. आक्काच्या पाठीवर, कमरेच्या खाली, लालसर चट्टा उठला होता. पेशंट खूप दिवस न वळता उताणा पडून राहिला की उठतो तसा.

"रंग उडाला आसंल," शोभा म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मॅडम भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. त्यांनी चष्मा लावून चट्टा बघितला, बोटानं दाबला. मग मला म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीत तू रोज येऊन हिची कूस बदलायची."

मी हो म्हणालो. पुढच्या दिवाळीत रोज गेलो. हात लावायच्या आधी "आक्का, वळवतो हं" म्हणायचो. कुणी बघत नव्हतं, तरी म्हणायचो. त्या वर्षी चट्टा उठला नाही.

*

सुजाता प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाली. हात चांगला होता, पण बाहेरच्या परीक्षक बाई समोर आल्या की तिचा आवाजच जायचा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशन नसेल तर नर्स म्हणून कुणी ठेवत नाही. तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता, "औंदा न्हाई जमलं, तर आईसंगं काजूच्या कारखान्यात बस."

तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत एकटीच डेमो रूममध्ये सराव करायची. मी बाहेर फरशी पुसत असायचो. आत ती घडाघडा बोलायची. एक वाक्य बोलायची, थांबायची, मग दुसरं. कधी मधेच हसायची.

एकदा धीर करून मी विचारलं, "मधी मधी थांबतीस का गं?"

"त्या बोलत असताना मी कशाला बोलू?" सुजाता म्हणाली, आणि डबा धुवायला गेली.

*

प्रॅक्टिकल खरं तर वॉर्डातल्या पेशंटवर असतं. पण सुजाताला नेमून दिलेल्या आजींना नेमका त्याच सकाळी डिस्चार्ज मिळाला. परीक्षक बाई म्हणाल्या, "डमीवर करून दाखवा." मी गरम पाण्याचं भांडं घेऊन कॉटजवळ उभा होतो.

सुजाता आक्काजवळ गेली आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. बाईंनी पेन उघडलं.

तेवढ्यात सुजातानं मान वळवून आक्काकडं बघितलं, कुणीतरी हाक मारल्यासारखं. "व्हय आक्का," ती म्हणाली, "सांगतो." आणि बोलायला लागली! आता नाडी बघणार, मग अंग पुसणार, पाणी फार गरम नाही. सगळं स्वच्छ, एका लयीत. मनगटावर तीन बोटं ठेवून तिनं मिनिटभर मोजलं.

"ऐंशी. माझ्यामुळं घाबरल्यात जरा."

बाईंचा चेहरा कडक झाला. "डमीला नाडी नसते. मनाचा आकडा सांगणाऱ्या नर्सला मी पास करत नाही."

"मनाचा न्हाई, मॅडम. तुम्हीच बघा की."

बाई उठल्या. रागानंच त्यांनी आक्काचं मनगट धरलं. तीन बोटं. दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडं बघत राहिल्या. मिनिट संपलं तरी त्यांनी हात सोडला नाही. मग आक्काचा हात अलगद चादरीखाली ठेवला, सुजाताच्या कागदावर बरोबरची खूण केली आणि तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "जा तू."

सुजाता गेली. मी भांडं घेऊन दारापर्यंत आलो. मागून बाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"आक्का, दुखतंय का कुठं?"

मी वळून बघितलं. बाई कॉटवर वाकल्या होत्या, आणि थोड्या थोड्या वेळानं मान हलवत होत्या.