भापकर मास्तरांचा अग्निबाण आणि नकाशावाला योहान

आमच्या शाळेतले जुने तिघे-चौघे कुठं लग्नाकार्यात भेटलो, की पंगत उठते पण आम्ही उठत नाही. कारण कुणीतरी हळूच म्हणतं, "भापकर मास्तरांचं ते आठवतं का?" झालं! काही माणसं तीस-तीस वर्षं एका शाळेत काढतात आणि त्यांचा साधा एक किस्सा होत नाही. भापकर आणि योहान यांचे चार वर्षांत इतके झाले, की कुठला आधी आणि कुठला नंतर हे मला आता नीट सांगता येत नाही. तेव्हा फार उलटतपासणी घेऊ नका.

आमची शाळा नगरची, मिशनची. मी तिथं भूगोल शिकवायचो. भापकर आमचा ड्रिल मास्तर. काष्टीकडचा शेतकरी गडी, सहा फूट उंच, मनानं लोणी, पण डोकं भडकलं की समोर कोण आहे हे बघायचा नाही. योहान साळवे गायन आणि गणित शिकवायचा, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवून गायचा. तो किती शांत होता म्हणाल, तर शाळेच्या आवारातच, भापकरच्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि त्याची कधी तक्रार नव्हती.

लढाईचे दिवस होते. पेपरात अग्निबाणाच्या बातम्या यायच्या. त्या वाचून माझ्या डोक्यात किडा वळवळला आणि मी गॅदरिंगसाठी एक नाटक लिहिलं. मंगळाचं सैन्य पृथ्वीवर चालून येतं आणि आपला एक लढाऊ वैमानिक आपल्या दिशादर्शकाला घेऊन, अग्निबाणात बसून, थेट अंतराळात त्यांच्याशी लढतो. अग्निबाण आम्ही बांबूचा केला. वर डब्यांचे पत्रे ठोकले आणि छावणीच्या भंगारातलं मोटारीचं एक स्टिअरिंग बसवलं. नाटक चाललं आणि गावोगावहून बोलावणी आली. रॉकेल रेशनवर, त्यामुळं सगळे प्रयोग भर दुपारी. अंतराळात काळोख असतो, हे मी सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगायचो. ते माना डोलवायचे आणि उन्हासाठी डोक्यावर टॉवेल घ्यायचे.

*

वैमानिकाचं काम मी आधी ड्रॉइंग मास्तरांना दिलं होतं. भापकर नुसता मंगळाच्या सैन्याची कवायत घ्यायला आला होता. तालमीत ड्रॉइंग मास्तर मऊ आवाजात म्हणाले, "शत्रूंनो, मागे फिरा."

भापकर म्हणाला, "असं म्हनल्यावर माझी म्हस बी मागं फिरायची न्हाई."

आणि त्यानं मास्तरांना काखेत धरून उचललं, शेजारच्या बाकावर अलगद ठेवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागं बसला. दुसऱ्या दिवसापासून ड्रॉइंग मास्तर पडद्यावर ग्रहतारे रंगवायला लागले.

मी विचारलं, "आणि तुमचा दिशादर्शक कोण?"

"योहान. बाकी कुनी माझ्या पाठीमागनं बोललं तर मला राग येतो."

*

पहिल्याच आठवड्यात भानगड झाली. नाटकात वैमानिकाची पहिली गोळी चुकते, असं मी लिहिलं होतं. भापकरनं ते वाचलं, उठला आणि घरी गेला. जाताना स्टिअरिंग काढून घेऊन गेला.

योहान त्याच्यामागं गेला. मी खिडकीतून बघत होतो. तो भापकरच्या पायरीवर बसला, त्यानं दिलेली भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, पायातला काटा काढला. चांगला अर्धा तास एक शब्द नाही. मग उठताना म्हणाला, "कॅप्टन, तुमचा नेम चुकला नाही. मंगळवाला खाली वाकला."

भापकर स्टिअरिंग घेऊन परत आला. मंगळाचा राजा मीच होतो. त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगाला मी वाकलो.

*

भापकरचं पाठांतर म्हणजे आनंद होता. राग आला की वाक्य पळालं, आणि भूमिका तर सगळी रागाचीच! शेवटी योहाननं तोड काढली. त्याच्या हातात मंगळाचा नकाशा असायचा. त्यावर त्यानं भापकरची सगळी वाक्यं ठळक अक्षरांत लिहून काढली. नकाशा बघितल्यासारखं करायचं, हळूच सांगायचं आणि भापकरनं ते गरजून म्हणायचं. भापकरचा योहानवर इतका विश्वास, की तो जे सांगेल ते डोळे मिटून म्हणायचा.

एकदा ऐन लढाईत भापकरच्या मानेवर गांधीलमाशी बसली. योहान कुजबुजला, "कॅप्टन, गांधीलमाशी. मानेवर."

भापकर उभा राहिला, माझ्याकडं बोट केलं आणि सगळं मैदान दणाणून सोडलं, "गांधीलमाशी! मानेवर!"

माझ्या सैन्यातल्या सगळ्यांचे हात आपापल्या मानेवर गेले. माझा पण गेला. प्रेक्षकांना वाटलं, हे काहीतरी नवीन हत्यार आहे. प्रयोगानंतर एक पाटील मला बाजूला घेऊन विचारत होते, "ते मानेवरचं कसं चालवत्यात वो?"

*

काष्टीचा प्रयोग बाजाराच्या दिवशी होता. भापकरच्या गावाकडचे लोक, सगळे पाव्हणे पुढं बसलेले. भापकर सकाळपासून मिशीला पीळ देत होता. अग्निबाण सुटला आणि योहाननं नकाशा उलगडला. घाईत माझ्या वर्गातला नगर जिल्ह्याचा नकाशा आला होता.

वाक्यं नाहीत, मंगळ नाही, काही नाही. भापकर मागं वळून म्हणाला, "बोल की."

योहाननं क्षणभर नकाशा बघितला आणि शांतपणे सांगितलं, "कॅप्टन, शत्रू नदीपलीकडे लपला आहे. आपण आत्ता काष्टीच्या वर आहोत. डावीकडे वळा."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. "अवो मास्तर, डावीकडनं नका जाऊ. वढ्याला पानी हाय."

दुसरा म्हणाला, "त्येला काय व्हतंय? त्ये वरनं चाललंय."

"वरनं चाललंय, पर उतरनार कुटं? समदा चिखूल हाय."

वाद पेटला. अर्धं गाव डावीकडून, अर्धं उजवीकडून. भापकरला मध्ये बोलायला जागाच नव्हती, आणि तो अग्निबाणात हाताची घडी घालून गावचा निकाल लागायची वाट बघत बसला. मी मंगळाचा राजा चिखलापलीकडं ताटकळत उभा. शेवटी म्हाताऱ्याचं म्हणणं टिकलं. उजवीकडून येऊन त्यांनी माझा पराभव केला. त्या गावात आजही लोक सांगतात, की मंगळवाले घोडनदीपर्यंत आले होते.

*

एकदाच दोघांचं वाजलं. शिक्षकांची हुतूतूची मॅच होती आणि पंच योहान. त्यानं भापकरला बाद दिलं. भापकर म्हणाला, मी बाद नाही. योहान म्हणाला, बाद आहात. संपलं. पंधरा दिवस बोलणं बंद. योहानच्या घरून आलेल्या करंज्या भापकरनं खाल्ल्या, पण डबा माझ्या हाती परत पाठवला.

त्यात प्रयोग आला. अग्निबाणात दोघं एकामागं एक बसलेले आणि तोंडं दोन दिशांना. योहान वाक्य सांगेना, भापकर विचारीना. मी शत्रू, समोर उभा. शेवटी भापकर माझ्याकडं बघून म्हणाला, "राजे, त्येला इचारा, कुटं वळायचं."

मी काय करणार? विचारलं. योहान म्हणाला, "राजे, त्यांना सांगा, उजवीकडे."

मी सांगितलं. असं दोन अंक चाललं. मला मारायला कुठून यायचं, हे मीच त्यांना समजावून सांगत होतो. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, राजा लई सज्जन हाय, असं बाया म्हणत होत्या.

शेवटच्या लढाईच्या ऐन तोंडावर भापकरनं गाडी थांबवली. "राजे, त्येला इचारा, मी खरंच बाद हुतो का."

मी विचारलं. योहान म्हणाला, "होता."

भापकरनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ केलं. मग मान न वळवता म्हणाला, "बरं. हान पुढं."

मग त्यांनी मला मारलं. मला इतकं हायसं वाटलं, की मी नेहमीपेक्षा लवकर पडलो.

*

आणि मग योहानची बदली झाली. लांब, सोलापूरकडच्या एका शाळेत त्यांना गायनाचा मास्तर हवा होता. कागद आला तेव्हा भापकर आधी पोस्टमनवर ओरडला, मग ज्यानं कागद टाईप केला त्याच्यावर. दोन दिवस मैदानावर त्याचा आवाजच आला नाही. आम्हाला त्या शांततेची भीती वाटली. नाटक बंद पडणार हे तर होतंच, पण भापकरला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं आणि हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तो स्वच्छ धोतर नेसून, कोट घालून मिशनच्या साहेबांकडं गेला. साहेबांचा शिपाई दाराशीच होता, त्यानं आम्हाला सगळं सांगितलं.

भापकर म्हणाला, "साहेब, तुमची फसगत होऊ नये म्हनून आलोय. योहानला गाता येत न्हाई."

साहेब चार वर्षं दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून योहानचं गाणं ऐकत होते. ते म्हणाले, "असं? आम्हाला तर बरं वाटतं."

"वाटतं तसं. म्हनून तर फसगत म्हनलो."

साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. बदली काही रद्द झाली नाही. शिपाई म्हणाला, जाताना भापकर साहेबांना परत परत एवढंच विचारत होता, की तिकडं गावात म्हशी बऱ्या आहेत का, कारण योहानला दूध लागतं.

*

शेवटचा प्रयोग सोनईला झाला. सोमवारी योहान जाणार आणि हा शनिवार. मैदान भरलं होतं, झाडांवर माणसं चढली होती. भापकर सकाळपासून कुणावर रागावला नव्हता, म्हणून मी जरा काळजीत होतो.

नाटकाचा शेवट असा, की अग्निबाणात एकालाच घेऊन उडण्यापुरतं तेल उरतं. दिशादर्शक म्हणतो, मी मंगळावर थांबतो, तुम्ही जा. वैमानिक निरोपाचं मोठं भाषण करतो आणि उडून जातो. मग लढाईत पडलेला मी पुन्हा उठून सैन्य घेऊन येतो आणि दिशादर्शकाला कैद करतो. पडदा. आधीच्या प्रयोगांत भापकर हे अगदी झटपट उरकायचा. एकदा तर भूक लागली म्हणून योहानचं बोलणं संपायच्या आत उडाला होता.

त्या दिवशी सगळं सुरळीत तिथवर आलं. योहान अग्निबाणातून उतरला आणि म्हणाला, "कॅप्टन, मी थांबतो. तुम्ही जा."

भापकर गप्प.

योहाननं नकाशा वर धरला आणि कुजबुजला, "मित्रा, तुला या परक्या भूमीवर सोडून..."

भापकर समोर बघत बसलेला. योहाननं जरा मोठ्यानं सांगितलं, "मित्रा, तुला या परक्या भूमीवर..." आता ते पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं.

"पाठ हाय मला," भापकर म्हणाला.

योहान चमकला. चार वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. "मग म्हणा."

"न्हाई म्हननार."

योहाननं नकाशा खाली केला. दोघंही हलेनात. विंगेत पडद्याची दोरी धरलेले ड्रॉइंग मास्तर मला खुणा करून विचारत होते, ओढू का? मला काय कळणार? नाटक मी लिहिलं होतं, पण हे मी लिहिलेलं नव्हतं. शेवटी काहीतरी करायचं म्हणून मी भाले घेतलेलं सैन्य घेऊन पुढं झालो आणि माझं वाक्य म्हटलं, "दिशादर्शका, आता तू आमचा कैदी आहेस."

भापकर स्टिअरिंगमागं उभा राहिला. मैदानावरचा तो जुना आवाज आला, "अबाऊट टर्न! क्विक मार्च!"

माझं सैन्य म्हणजे त्याच्याच ड्रिलच्या वर्गातली मोठी मुलं. टाचा वाजल्या, सगळे एकदम वळले आणि लेफ्ट-राईट करत रंगमंचावरून उतरले, प्रेक्षकांमधून गेले आणि वेशीच्या दिशेनं चालू पडले. त्यानं हॉल्ट म्हटलंच नाही.

मी मुकुट सावरत एकटाच उरलो. भापकरनं माझ्याकडं बघितलं. इतक्या मऊ आवाजात तो कधी माझ्याशी बोलला नव्हता.

"कदम मास्तर, तुमी बी जावा. आमाला जरा बसायचंय हितं."

मी गेलो.